बेचाळीस नंबरचा बूट

इंगेमार लुंडवालच्या लाकडी सपाता एकोणीस वर्षांत कुणाच्या डोळ्यांत खुपल्या नव्हत्या. कानांवर मात्र त्या रोज सकाळी आठ वाजता यायच्या. ओल्मस्टा नगरपालिकेच्या बांधकाम परवाना विभागात शिरलं की तो बर्फाने माखलेले बूट दाराशी काढायचा, टेबलाखालून सपाता पायाने ओढायचा आणि मग त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये खट् पट् खट् पट् सुरू व्हायचं. जाड लाकडी तळ, वर काळं चामडं, मागून उघड्या. चामड्यावर त्याच्या बोटांचे उंचवटे इतके पक्के बसले होते की अंधारातही डावी-उजवी कळावी. गावकरी गॅरेजसाठी, गच्चीसाठी, बागेतल्या खोपटासाठी त्याच्याकडे जोडे झिजवायचे आणि तो सपाता घालून त्यांना नियम समजावायचा. दोन्ही बाजूंची या व्यवस्थेबद्दल काही तक्रार नव्हती.

मग शाखाप्रमुखाची जागा रिकामी झाली.

ही जागा याआधी दोनदा इंगेमारच्या हातातून निसटली होती. एकदा शेजारच्या गावातून माणूस आणला गेला, एकदा कॉम्प्युटर जास्त येणारी बाई आली. आता त्याचं वय सत्तावन्न. चौथ्यांदा जागा रिकामी होईल तेव्हा तो पेन्शन घेऊन तळ्याकाठी मासे पकडत बसलेला असेल, आणि त्याला मासे पकडायला मुळीच आवडत नसे. गेले सहा महिने प्रमुखाचं सगळं काम तोच करत होता. नुसती पाटी दुसऱ्याच्या नावाची होती. ती पाटी त्याला हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि हे त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलाखत तीन आठवड्यांवर आली असताना एका बुधवारी तो कॉफीच्या सुट्टीला निघाला. ऑफिसातल्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर त्याला आतला आवाज ऐकू आला. "आल्या बघा सपाता," कुणीतरी म्हणालं, आणि एक ड्रॉवर घाईने बंद झाला. इंगेमार जागच्या जागी थबकला. एकोणीस वर्षं आपण नुसते चालतोय असं त्याला वाटत होतं. आपली दवंडी पिटली जातेय हे आज कळलं.

दालचिनीचा बन घेऊन तो कोपऱ्यात बसला तर विभागाचा संचालक येस्पर थाम समोर येऊन बसला. येस्पर अडतीस वर्षांचा, शरद ऋतूत स्टॉकहोमहून आलेला. फेब्रुवारीच्या थंडीतही त्याची पँट घोट्याच्या वरच संपायची आणि खाली तांबूस चामड्याचे, टोकदार, निमुळते बूट चमकायचे. या देशात साहेबालाही अरे-तुरेच करतात, पण त्यामुळे साहेबाचा साहेबपणा काही कमी होत नाही.

"इंगेमार, एक सांगू? रागावू नकोस," येस्पर म्हणाला.

"सांग ना."

"कामात तुझा हात धरणारा कुणी नाही. पण शाखाप्रमुख म्हणजे विभागाचा चेहरा. बिल्डर आत येतो, तुला वरपासून खालपर्यंत बघतो, आणि खाली पोचला की..."

दोघांनीही खाली बघितलं. इंगेमारने हळूच पाय खुर्चीखाली घेतले.

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. टीव्हीवर बातम्या लागल्या की तो बातमीदाराचे पाय शोधायचा. बसमध्ये समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता बुटांकडे बघायचा. सोलव्हेग, त्याची बायको, इस्पितळात नर्स होती. तिने हा प्रकार दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं.

"बूट घ्यायचेत मला," इंगेमार म्हणाला. "येस्परसारखे."

"तुझा पाय रुंद आहे. पावासारखा आहे."

"पदाला शोभणारे हवेत."

"पद आधी मिळू दे, मग शोभू दे. अरे, मी तीस वर्षं वॉर्डात उभी आहे. माणसाने कुणाशीही वैर घ्यावं, पायांशी घेऊ नये. रात्री त्यांच्याच शेजारी झोपायचं असतं."

पण हौसेपुढे सल्ला टिकत नाही. शनिवारी तो दुकानात गेला. नेमके तेच बूट मांडणीवर होते, पण त्रेचाळीस नंबर संपला होता. बेचाळीसचा एकच जोड शिल्लक होता. दुकानातली मुलगी म्हणाली, "हे मुळात चिंचोळे येतात. तू खरं तर मोठा नंबर घ्यायला हवास."

"बेचाळीसच माझा नंबर," इंगेमार म्हणाला. हे खोटं नव्हतं. लष्करी शिक्षणाच्या वेळी, विसाव्या वर्षी, त्याचा नंबर खरोखर बेचाळीस होता. त्याने श्वास रोखून पाय आत घातला, आरशापुढे चार पावलं टाकली आणि मुलीकडे बघून हसला. बूट दोन हजार चारशे क्रोनरचे होते. श्वास त्याने दुकानाबाहेर येऊन सोडला.

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं म्हणतात. हा जोडा कुठे चावत नाही हे शोधावं लागलं असतं. सोमवारी दुपारपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले, मंगळवारी करंगळ्यांनी मान टाकली. येस्पर मात्र खूश झाला. "अरे वा," म्हणाला, "आता कसं." तेवढ्या दोन शब्दांवर इंगेमारने बुधवार काढला. तो आता कॉरिडॉरमधून बिनआवाज यायचा, त्यामुळे लोक दचकायचे. स्वतः तो पिशवीत सपाता घेऊन फिरायचा. दर अर्ध्या तासाला संडासात जाऊन पाच मिनिटं सपाता घालायचा, पुन्हा बूट चढवून बाहेर यायचा. त्याच्या प्रकृतीबद्दल विभागात दबक्या आवाजात बोललं जाऊ लागलं.

नगरपालिका कामाच्या बुटांना पैसे देते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून त्याने मनुष्यबळ विभागाचा फॉर्म भरला. पैशापेक्षा त्याला वाटलं, सरकारी खर्चात कदाचित रुंद जोड मागवता येईल. फॉर्ममध्ये प्रश्न होता, कामाच्या जागी पायांना कशाचा धोका आहे. तिथली यूडिट नावाची बाई अतिशय मऊ बोलायची. तिने त्याला बोलावून घेतलं.

"तू इथे लिहिलंयस, धोका: बूट."

"हो."

"आणि मागणी केलीयेस, बूट."

"हो."

"म्हणजे ज्याच्यापासून धोका आहे तेच तुला हवंय?"

इंगेमारने मान डोलावली. हे तिने इतक्या थोडक्यात मांडेपर्यंत त्यालाही कळलं नव्हतं. फॉर्म धोक्याच्या तपासणीसाठी पुढे पाठवला गेला. तपासणीला अकरा आठवडे लागणार होते. परवाना मागणाऱ्यांना हेच वाक्य तो स्वतः इतकी वर्षं ऐकवत आला होता, आणि आज पहिल्यांदा ते त्याला जरा उद्धट वाटलं.

दुसरीकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. तो राहायचा त्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांचं मिळून एक धुण्याचं यंत्रघर होतं आणि तिथे कपडे गोल फिरत असताना माणसांना उद्योग नसतो. वरच्या मजल्यावरचा फोल्के निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक होता.

"पाणी गोठलं की फुगतं," फोल्के म्हणाला. "प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी भर, पिशव्या बुटांत घाल आणि बूट फ्रीजरमध्ये ठेव. बूट आपोआप ताणले जातात. निसर्गनियम आहे, इंगेमार. त्याला अपील नाही."

इंगेमारने बूट फ्रीजरमध्ये, हरणाच्या मांसाच्या आणि रानबोरांच्या मधोमध ठेवले. सकाळी बघतो तर डाव्या बुटातली पिशवी फुटलेली, आणि बूट, बर्फ, रानबोरं यांचा एकच गोळा झालेला. केस वाळवायच्या यंत्राने तो गोळा वितळवण्यात पाऊण तास गेला आणि एकोणीस वर्षांत प्रथम तो ऑफिसात उशिरा पोचला. निसर्गनियम मात्र खरा ठरला. डावा बूट अर्ध्या नंबरने सैलावला होता. उजव्या बुटातली पिशवी शाबूत राहूनही तो जिथल्या तिथेच होता.

"फोल्केचं कुणी ऐकतं का?" पहिल्या मजल्यावरच्या राग्नहिल्ड आजी म्हणाल्या. वय एकोणऐंशी, यंत्रघराचं वेळापत्रक त्यांच्या हातात, त्यामुळे इमारतीची खरी सत्ताही. "चामड्याला दारू पाजायची. माझी घरची आहे, शहाजिऱ्याची. बुटात ओत, चांगली मुरू दे आणि तसाच घालून फीर. माझ्या नवऱ्याचे सगळे बूट मी असेच मऊ केले."

"आणि नवरा?"

"त्याला पाजायची गरज पडली नाही. तो स्वतःच प्यायचा."

इंगेमारने उजव्या बुटात अर्धी वाटी ओतली. सकाळी दहा वाजता एका बिल्डरबरोबर बैठक होती. खोली गरम, दारं-खिडक्या बंद. पाय तापला तसा बूट तापला आणि शहाजिऱ्याचा दरवळ टेबलाखालून हळूहळू वर चढला. बिल्डरने आधी स्वतःचा कोट हुंगला, मग इंगेमारकडे बघितलं आणि मग फार समजूतदारपणे खिडकीबाहेर बघत राहिला.

दुपारी यूडिटने पुन्हा बोलावलं. या वेळी टेबलावर पाण्याचा ग्लास आणि रुमालांचा डबा होता.

"इंगेमार, तू एकटा नाहीस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"वारंवार संडासात जाणं. पिशवी जवळ बाळगणं. उशिरा येणं. तोल सांभाळत चालणं. आणि आज..." तिने हलकेच श्वास घेतला.

"दारू बुटात आहे," इंगेमार म्हणाला.

"लोक ती कुठेकुठे लपवतात ते मला माहीत आहे. लाजू नकोस."

इंगेमारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपायाला आग आधीपासून होतीच, त्यामुळे तिला फार लांबचा प्रवास पडला नाही. त्याने बूट काढून टेबलावर ठेवला. यूडिटने तो नाकाशी नेला, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिने सांगितलं नाही. मुलाखत घेणाऱ्या मंडळात येस्परबरोबर तीही असणार होती, आणि मुलाखत आता आठ दिवसांवर होती.

त्या आठ दिवसांत त्याने रोज सकाळी दोन्ही जोड दारात मांडले आणि त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घातल्या. सपातांकडे गेला की पाटी दिसायची, बुटांकडे गेला की करंगळ्या ठणकायच्या. "अरे, एका जागी उभा तरी राहा," सोलव्हेग म्हणायची. "तेच तर जमत नाहीये," तो म्हणायचा. हे अगदी शब्दशः खरं होतं.

गुरुवारी मुलाखत होती. येस्परने ती नव्या बालवाडीत ठेवली. विभागाने नुकतीच मंजूर केलेली इमारत होती आणि सकाळी तिथे पाहणीही होती, म्हणून खोली आयती मिळत होती. इंगेमार टाचांना चिकटपट्ट्या लावून, दात आवळून गाडीतून उतरला. दारातच मोठ्या अक्षरांत पाटी होती: मुलं जमिनीवर रांगतात, कृपया पादत्राणे इथे काढावीत. बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्यांचा डबा रिकामा होता.

इंगेमार त्या पाटीकडे बघतच राहिला. लहानपणापासून प्रत्येक दारात बूट काढत आलेला माणूस, आणि तीन आठवडे पायांचे हाल करताना ही एक शक्यता त्याच्या डोक्यात आली नव्हती. चिमुकल्या रबरी बुटांच्या रांगेशेजारी एक तांबूस टोकदार जोड आधीच ठेवलेला होता. त्याने आपला जोड त्याच्या बाजूला ठेवला आणि आत गेला.

येस्पर आणि यूडिट लहान मुलांच्या टेबलाशी, लहान मुलांच्या खुर्च्यांवर, मोजे घालून, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते. इंगेमारच्या उजव्या मोज्याच्या भोकातून नातीकडची हत्तीचं चित्र असलेली चिकटपट्टी बाहेर डोकावत होती. पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. पायांखाली गार, सपाट, गुळगुळीत जमीन होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचं डोकं पायांतून वर आलं.

आणि तो बोलला. परवान्यांना अकरा आठवडे का लागतात आणि ते चारवर कसे आणता येतील ते त्याने सांगितलं. अडलेल्या माणसाशी कसं बोलू नये तेही सांगितलं, कारण ते त्याला नुकतंच कळलं होतं. येस्पर लिहून घेत होता. यूडिटने सवयीने एकदा हवा हुंगली आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तीनच्या सभेला उशीर होतोय असं म्हणत येस्पर हात मिळवून धावतच निघाला. यूडिटने दोन सह्यांसाठी इंगेमारला थांबवून घेतलं.

तो दाराशी आला तेव्हा मांडणीवर एकच तांबूस जोड उरला होता. त्याने डोळे मिटून पाय आत सरकवला. पाय आत गेला. टाच मऊ गादीवर टेकली, बोटं पसरली. इंगेमारने डोळे उघडले, दोन पावलं टाकली, मग आणखी दोन. गाडी तिथेच सोडून तो चालत घरी गेला.

"बसले," दारातूनच तो ओरडला. "सोलव्हेग, बूट बसले. नव्या चामड्याला वेळ द्यावा लागतो, तुला सांगत होतो मी."

सोलव्हेगने त्याच्याकडे नर्स बघते तसं बघितलं. राग्नहिल्ड आजी चर्चच्या शनिवारच्या जुन्या सामानाच्या विक्रीसाठी वस्तू गोळा करत फिरत होत्या. इंगेमारने पिशवीतून सपाता काढल्या, क्षणभर हातात धरल्या आणि आजींच्या खोक्यात टाकल्या. "घेऊन जा," म्हणाला. "ते दिवस गेले."

संध्याकाळी सहाला येस्परचा फोन आला.

"इंगेमार, तू बसलायस का?"

"बसलोय."

"बरं आहे. मला उभं राहता येत नाहीये." येस्परचा आवाज खोल गेला होता. "तीन तास सभा झाली. पहिल्या तासात पायांना मुंग्या आल्या, दुसऱ्यात मुंग्याही गेल्या. अध्यक्षबाईंनी विचारलं, घरी काही वाईट घडलंय का. आत्ता बूट काढून बघितला. आत बेचाळीस लिहिलंय. मी त्रेचाळीस घालतो."

इंगेमारने पायातला बूट काढला. आत त्रेचाळीस होतं. आणि जाड करड्या गादीवर पायांच्या दवाखान्याची चिठ्ठी चिकटवलेली होती: येस्पर थाम, टाचेचं हाड वाढलेलं, रोज वापरणे.

"मीही त्रेचाळीसच घालतो," इंगेमार म्हणाला.

पलीकडे बूट जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"आणि हे तू तीन आठवडे घातलेस?"

"हो."

"आतली गादी बघितलीस का?"

"नाही," इंगेमार म्हणाला. येस्परच्या जिवात जीव आला, आणि दोघांनाही कळलं की त्याने बघितली आहे.

खाली जाऊन त्याने आजींचं दार वाजवलं, पण खोकं चर्चला रवाना झालं होतं.

शुक्रवारी सकाळी जुन्या नकाशांच्या खोलीत, दार लावून, दोघांनी बूट बदलले. येस्परने गादीवर पाय टेकवला तेव्हा त्याच्या तोंडून बारीक हुंकार निघाला.

"पद तुझंच," तो म्हणाला. "यूडिटचंही तेच मत आहे. म्हणाली, संकटातून स्वतःला बाहेर काढलेला माणूस आहे. फक्त एक कर. आता सपाता नकोत. काल तू वेगळाच माणूस होतास, इंगेमार. मी आधीपासून सांगतोय, बुटांनी माणूस बदलतो."

काल मी मोज्यांवर होतो, असं सांगायला इंगेमारने तोंड उघडलं. पाटी त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याने तोंड मिटलं.

"नकोत," तो म्हणाला.

तरीही शनिवारी तो चर्चमध्ये पोचला. ऑफिसात नाही तर घरी घालीन, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. आजी फुटक्या कपबश्यांमागे बसल्या होत्या.

"सपाता? दार उघडल्या-उघडल्या गेल्या," आजी म्हणाल्या. "एका माणसाने पायात घातल्या नि काढायलाच तयार नाही. टेबलावर शंभरची नोट ठेवली आणि तसाच बर्फातून चालत गेला. डोळ्यांत पाणी होतं रे त्याच्या."

"कोण होता?"

"चष्मा कुठे होता माझ्याकडे?"

सोमवारी सकाळी आठला इंगेमार आपल्या नव्या खोलीत बसला होता. दारावर पाटी होती: इंगेमार लुंडवाल, शाखाप्रमुख. त्याने ती येताना एकदा आणि मुद्दाम बाहेर जाऊन पुन्हा एकदा वाचली होती, आणि दोन्ही वेळा त्याला फार बरं वाटलं होतं. टेबलाखाली त्याने टाचा हळूच बुटांबाहेर काढल्या होत्या.

कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला आवाज सुरू झाला. खट् पट्. खट् पट्.

एक ड्रॉवर बंद झाला. दोघं हसत होते ते गप्प झाले. एकोणीस वर्षांत हा आवाज इंगेमारने पलीकडच्या बाजूने कधी ऐकला नव्हता. त्याच्या नकळत त्याचे पाय बुटांत शिरले, पाठ ताठ झाली आणि हाताने समोरची फाइल उघडली.

दारात येस्पर उभा राहिला. त्याच्या पायांत सपाता होत्या.

"ओळखल्यास ना?" तो म्हणाला.

"एकोणीस वर्षांची ओळख आहे. पण तूच म्हणाला होतास, बिल्डर खाली बघतो म्हणून."

"तुझ्याकडे बघेल. मी संचालक आहे. माझ्या पायांकडे बघण्याची हिंमत कुणाची आहे?" येस्परने वाकून टेबलाखाली नजर टाकली आणि खुशीत मान हलवली. "छान दिसतात हं तुझे. बसले का आता?"

"बसले," इंगेमार म्हणाला.

येस्पर वळला आणि आवाज पुढच्या खोल्यांकडे निघाला, एकेका दाराशी थोडा रेंगाळत. तो पुरेसा लांब गेल्यावर इंगेमारने टेबलाखाली उजवा बूट काढला. आवाज परत जवळ येईपर्यंतच त्याला सवड होती.